निमकरसाहेबांचा तटस्थपणा

निमकरसाहेब तटस्थ होते. हे मला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते मला स्वतः सांगितलं होतं. एकदा नव्हे, दर बैठकीत निदान चार वेळा, आणि बैठक संपल्यावर पार्किंगमध्ये पाचव्यांदा. दोहातल्या आमच्या मराठी मंडळाचे ते सलग तीन मुदती अध्यक्ष होते आणि मी चिटणीस होते. ते बोलत ते मी लिहून घेत असे, आणि त्यांनी बोलायला नको होतं ते न लिहिण्याची जबाबदारीही माझीच असे.

या कामात मला त्यांच्या चष्म्याची फार मदत व्हायची. चष्मा डोळ्यांवर असला की ते अध्यक्ष. तो काढून टेबलावर ठेवला, की "चिटणीस, हे ऑफ रेकॉर्ड" असं म्हणून ते मनातलं बोलायला लागत. पुढे पुढे त्यांचा हात नुसता कानाकडे गेला तरी माझं पेन थांबायचं. एका बैठकीत त्यांनी सात वेळा चष्मा काढला. दोन तास चाललेल्या त्या बैठकीचं इतिवृत्त अर्ध्या पानात आटोपलं.

मूर्ती लहान, केस मेंदीने तांबूस केलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेनं. निळं सहीसाठी, लाल नामंजूर करण्यासाठी. दोहापासून तासाभरावरच्या मेसईदच्या एका कारखान्यात ते खरेदी विभागाचे मॅनेजर होते. व्हॉल्व्हपासून वॉशरपर्यंत जे काही विकत घ्यायचं, त्याचं टेंडर त्यांच्या टेबलावरून जायचं. बंद पाकिटं, लाखेची मोहर, पाकीट टाकायची पेटी, ती बंद होण्याची वेळ, या गोष्टींबद्दल ते इतक्या प्रेमाने बोलायचे की नवख्या माणसाला वाटावं, हे घरच्या देवांबद्दल बोलताहेत. घरीही तेच. प्रेशर कुकर घ्यायचा तरी तीन दुकानांतून कोटेशन. निमकरवहिनी शांत स्वभावाच्या होत्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "ह्यांचं आधी ठरतं, मग चौकशी सुरू होते." बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईचं हे मत आहे, त्यात मी काय भर घालणार.

मंडळाच्या पाककला स्पर्धेत ते परीक्षक होते, तेव्हा याचा प्रत्यय आला. अकरा बायकांनी पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यांत वहिनीही होत्या. निमकरसाहेबांनी जाहीर केलं की स्वतःच्या बायकोला गुण देणं तत्त्वात बसत नाही, म्हणून तिला स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे. टाळ्या पडल्या. मग त्यांनी उरलेल्या दहाजणींना सारखेच गुण दिले, म्हणजे कुणावर अन्याय नको. आणि शेवटी, स्पर्धेबाहेर राहून कलेची सेवा केल्याबद्दल वहिनींना विशेष पारितोषिक दिलं. त्या दिवशीचं ते सगळ्यात मोठं बक्षीस, एक जाडजूड कुकरी बुक. वहिनींनी ते घेतलं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दहाजणींपैकी सहाजणी पुढच्या वर्षी आल्याच नाहीत.

आता मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे दर दोन वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक होते, पण ती नावापुरती. सगळी सत्ता एकाच गटाकडे, समोर उभं राहायला कुणी नाही. त्यामुळे गटातल्या छत्तीस माणसांनी ज्याचं नाव पुढे करायचं ठरवलं तो बिनविरोध अध्यक्ष. खरी निवडणूक गटातल्या गटात व्हायची. आणि ती घ्यायची मावळत्या अध्यक्षाने, कुणाचीही बाजू न घेता. हा आमचा जुना रिवाज.

दुसरा एक रिवाज होता, तो आम्ही कुणीच मोठ्याने सांगत नसू. आमचा मोठा कार्यक्रम म्हणजे दिवाळी मेळावा. शाळेचं सभागृह, गाणी, नाटुकलं, फराळ. निमंत्रणाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, 'फक्त कुटुंबांसाठी'. इथे एकटा राहणारा पुरुष म्हणजे बॅचलर. गावाकडे बायको आणि तीन मुलं असली तरी बॅचलरच. मेसईदच्या आणि अल खोरच्या कॅम्पांत असे आमचे पुष्कळ मराठी लोक. वेल्डर, ड्रायव्हर, फिटर. वर्गणी ते इमानाने भरत. मेळाव्याच्या दिवशी सकाळीच येऊन स्टेज उभं करत, दिवे लावत, खुर्च्या मांडत. मग पाहुणे यायच्या आत फराळाची पाकिटं घेऊन मागच्या दाराने बसमध्ये जाऊन बसत. मी ती पाकिटं भरत असे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

त्या वर्षी गटात दोन नावं आली. पहिलं विक्रांतचं. द पर्लमध्ये राहणारा, खिडकीतून बोटी दिसणाऱ्या फ्लॅटमधला, कन्सल्टन्सीतला तरुण. निमकरसाहेबांना तो भर सभेत "सर, यू आर अवर मेंटॉर" म्हणायचा आणि ते खाली बघून हसायचे. आपण अध्यक्ष झालो तर 'मुख्य मार्गदर्शक' असं नवं पद काढू, आणि त्या पदाला स्टेजवर कायमची खुर्ची देऊ, हे त्याने त्यांच्या कानावर घातलं होतं. निमकरसाहेबांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. खुर्ची या विषयावर त्यांचं मन तेव्हा फार हळवं झालं होतं.

दुसरं नाव बाजीराव धुमाळांचं. माणदेशातला माणूस, मेसईदला स्कॅफोल्डिंगचा फोरमन. उंचावरच्या कामासाठी लोखंडी पाइपांचे सांगाडे बांधायचे, ते यांचं काम. मंडळाचं स्टेजही तेच बांधत. गटात कामगारांचा एक प्रतिनिधी असतो तो म्हणजे ते. सगळ्यांना वाटलं गंमत म्हणून उभे राहिले असतील. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, मला खुर्ची नगं. आमची साठ मानसं हैत मेसईदला. धा वर्षं स्टेज बांधतोय, त्या स्टेजवर काय हुतं ते एकदा तरी बगू द्या की. येवढंच करायचं हाय मला. मग खलास, दुसऱ्याला द्या."

हे मी निमकरसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "चिटणीस, माणूस चांगला आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण साठ बॅचलर हॉलमध्ये? बायकामुलं असतात. लोक काय म्हणतील?" मग चष्मा लावून म्हणाले, "अर्थात मी तटस्थ आहे."

आठवड्याभरात त्यांनी उमेदवाराचे निकष काढले. टेंडरच्या धंद्यात एक युक्ती असते, ती त्यांनीच मला एकदा चष्मा काढून समजावली होती. माल कुणाकडून घ्यायचा ते ठरलेलं असलं, की त्याच्या मालाची मापं घ्यायची आणि तीच अटी म्हणून छापायची. अमुक लांबी, अमुक रंग, अमुक बाजूला हँडल. बाकीचे आपोआप गळतात, आणि कागदावर कुणाला बोट ठेवता येत नाही. निकषांचा कागद मीच टाइप केला, त्यामुळे ही मापं कुणाची आहेत ते टाइप करतानाच कळत गेलं. उमेदवार पदवीधर असावा. सात आसनी गाडी असावी. आभारप्रदर्शन इंग्रजीतही करता यावं. आणि उमेदवार कतारमध्ये सहकुटुंब राहणारा असावा. फक्त डोळ्यांचा रंग लिहायचा राहिला होता.

पण शेवटच्या अटीने घोळ केला. डॉक्टर सबनीसबाई आमच्यात वयाने वडील, त्या बैठकीत उठल्या. "निमकर, गटातल्या अकराजणांच्या बायका मुलांच्या बारावीसाठी पुण्या-नाशकात जाऊन राहिल्यात. ते सगळे बॅचलर झाले का?" अकराही जणांनी माना वर केल्या. आपण बॅचलर आहोत हे त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. दहा मिनिटांत निकषांचा अख्खा कागद बाद झाला. निमकरसाहेबांनी लाल पेनाने त्यावर फुली मारली आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "पाहिलंत, माझा काही आग्रह नव्हता."

आग्रह त्यांनी दुसरीकडे नेला. ग्रुपवर सूचना आली. अर्ज उमेदवाराने स्वतः, हातोहात, सभागृहातल्या पेटीत टाकायचा. शुक्रवारी दुपारी दोन ते तीन. तीनला पेटी बंद. एक मिनिटही उशीर चालणार नाही. कुणाला यात काही वाटलं नाही. शुक्रवारी मेसईदच्या कॅम्पातून दोहाला येणारी बस अडीचला सुटते आणि साडेतीनच्या आसपास पोचते, हे गटातल्या किती जणांना माहीत असणार? निमकरसाहेब तेवीस वर्षं मेसईदला जात-येत होते. त्यांना माहीत होतं.

आणि वेळेच्या बाबतीत त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची सोय नव्हती, कारण त्यांची टायरची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मेळाव्याच्या भाषणात, वाढदिवसाच्या पार्टीत, एकदा तर कुणाच्या बारशात त्यांनी ती सांगितली होती. एका छोट्या कंत्राटदाराचं पाकीट टेंडर बंद झाल्यावर दोन मिनिटांनी आलं. माणूस घामाने निथळत होता, हायवेवर टायर फुटलं म्हणत होता. भाव सगळ्यांत कमी असेल, काम चांगलं असेल, देव जाणे. निमकरसाहेबांनी पाकीट न उघडता परत दिलं. "वरपर्यंत फोन गेले," ते सांगत. "मी म्हटलं, नोकरी घ्या, पण घड्याळ मागे फिरणार नाही." इथे ते थांबत आणि आपण टाळ्या वाजवायच्या असत.

शुक्रवारी सभागृह उघडायला मी सकाळी दहाला गेले. शाळेच्या व्हरांड्यात धुमाळ बसलेले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज. "भाजीच्या गाडीनं आलो पहाटंच," ते म्हणाले. "आमचा एकजण मार्केटला माल आनतो, त्येनं सोडलं. बसच्या भरवशावर कोन ऱ्हाईल, बाई?" डब्यातली चपाती खाऊन ते पुन्हा तिथेच बसले. त्यांना आत बसा म्हणायचं मला सुचायला बराच वेळ लागला.

निमकरसाहेब दीडला आले. हातात कुलूप लावलेली स्टीलची पेटी, स्वतः करून घेतलेली. धुमाळांना पाहून ते दारातच थबकले. "अरे धुमाळ, बस इतक्यात कशी आली?" हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. माझ्या मदतीला लवकर आलेल्या डॉक्टर सबनीसबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी छताकडे.

दोनला पेटी मांडली. दोन वाजून एक मिनिटाने धुमाळांनी अर्ज टाकला आणि पहिल्या रांगेच्या कडेला बसले. हळूहळू बाकीचा गट जमला. विक्रांत नव्हता. अडीच झाले. पावणेतीन झाले. निमकरसाहेब मोबाइल घेऊन बाहेर गेले, मी पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांचा दबका आवाज ऐकू आला, "अरे आरामात ये म्हणजे इतकं आरामात? यल्ला, निघ आधी!" आत येऊन त्यांनी मंडळाच्या इतिहासावर बोलायला सुरुवात केली. स्थापनेपासून सुरू केलं आणि प्रत्येक वर्षाला पुरेसा वेळ दिला.

"निमकर," डॉक्टर सबनीसबाई म्हणाल्या, "तीन वाजले."

निमकरसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "हे घड्याळ जरा पुढे आहे." सगळ्यांनी आपापले फोन बघितले. तीन. मग त्यांनी चष्मा काढला. "शुक्रवारची पार्किंगची अडचण लक्षात घेता, पंधरा मिनिटांची सवलत द्यावी असं माझं..."

धुमाळ उभे राहिले. आवाज चढवला नाही, उलट नेहमीपेक्षा हळू बोलले. "साहेब, ती टायरची गोष्ट तुमी सांगता ना, ती गाडी मी चालवत व्हतो. टायर मीच बदललं. आमचा मालक पाकीट घिऊन पळत वर आला, आन् तुमी दोन मिन्टासाठी परत दिलं. काम गेलं. आमी बावीस जन गावाला गेलो. मला परत यायला वर्स लागलं. पर मी तवा कुनाला काय बोललो न्हाई. नियम हाय म्हनलं. आजबी नियमच हाय न्हवं?"

मी निमकरसाहेबांकडे बघत होते. त्या गोष्टीत गाडी चालवणारा कुणी असेल, आणि त्या गाडीमागे आणखी एकवीस जण असतील, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते तोंडावर दिसत होतं. एकीकडे स्टेजवरची कायमची खुर्ची होती, दुसरीकडे आयुष्यात मिरवायला असलेली एकुलती एक गोष्ट. आज पंधरा मिनिटं दिली असती तर ती गोष्ट पुन्हा कुठल्याही बारशात सांगता आली नसती. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"वेळ संपलेली आहे," ते म्हणाले. "पेटी बंद."

तीन वाजून बारा मिनिटांनी विक्रांत आला. हातात कॉफीचा कागदी कप. "सॉरी गाइज, ब्रंच जरा लांबला." पेटी बंद झाल्याचं कळल्यावर त्याला आधी गंमत वाटली, मग राग आला. "बट सर, तुम्हीच म्हणालात ना काल फोनवर? आरामात ये, मी बसलोय म्हणून?"

सगळ्यांनी निमकरसाहेबांकडे बघितलं.

"ते ऑफ रेकॉर्ड होतं," निमकरसाहेब म्हणाले.

मी इतकी हसले की मला बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा धुमाळांचं नाव एकमताने ठरलं होतं आणि निमकरसाहेब माझी वाट बघत होते, मजकूर सांगायला. "लिहा चिटणीस. संपूर्ण प्रक्रियेत अध्यक्ष पूर्णपणे तटस्थ राहिले." मी लिहिलं. खरं तर तीन वाजून काही सेकंद ते खरोखरच तटस्थ होते, आणि तेवढ्यासाठी त्यांना काय सोसावं लागलं ते मी समोर बसून पाहिलं होतं.

ही गोष्टही त्यांनी मग भाषणात घेतली. टायरच्या गोष्टीनंतर ती यायची. तीत धुमाळांचं भाजीच्या गाडीने येणं नव्हतं, फोन नव्हता, ब्रंच नव्हता. एक नि:स्पृह अध्यक्ष होता आणि त्याने आपल्या लाडक्या शिष्यालाही दारातून परत पाठवलं होतं. टायरची गोष्ट मात्र ते आता थोडी भरभर सांगत. निथळणाऱ्या माणसाचं वर्णन त्यांनी गाळलं होतं.

त्या दिवाळीत निमंत्रणावरची बारीक ओळ गेली. मेसईदहून दोन बस आल्या, अल खोरहून एक. आपण बांधलेल्या स्टेजसमोर ती माणसं पहिल्यांदा बसली, इतकी सावरून की पहिला अर्धा तास कुणी टाळी वाजवली नाही. लोक काही म्हणाले नाहीत. निमकरसाहेब पहिल्या रांगेत वहिनींशेजारी बसले होते आणि मागे वळून वळून बघत होते. मध्यंतरात मला म्हणाले, "गर्दी फार आहे. फराळाच्या रांगेला शिस्त नाही." विक्रांत त्या वर्षी आला नाही. नंतर त्याने मेंटॉरना फोनही केला नाही, असं वहिनींकडून कळलं.

पुढच्या वर्षी वहिनी नागपूरला गेल्या. मुलीचं बाळंतपण, मग बाळ सांभाळायला कुणीतरी हवं, मग निमकरसाहेबांच्या निवृत्तीला असे कितीसे महिने उरलेत, म्हणून दोहातलं घर सोडून दिलं. शेवटच्या महिन्यांसाठी कंपनीने त्यांना मेसईदलाच एकट्या माणसांच्या इमारतीत खोली दिली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते मेळाव्याच्या चार दिवस आधी, त्यांचा फोन आला तेव्हा.

हवापाण्याचं बोलून झालं. मग ते मुद्द्यावर आले. "चिटणीस, एक विचारायचं होतं. सौ. इथे नाही. मी एकटाच आहे. एकट्याला येता येतं ना?"

"येतं," मी म्हटलं. "मागच्या वर्षीपासून."

"बरं केलंत," ते म्हणाले. कुणी केलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

ते बसने आले, मेसईदच्या. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, धुमाळांनी स्वतः नाव लिहून. मी त्यांना शोधत मागे गेले तर ते डावीकडच्या शेवटून तिसऱ्या रांगेत दिसले, पांढऱ्या शर्टांच्या गर्दीत. पुढे चला म्हणायला मी जाणार, तेवढ्यात फराळाची ताटली सावरत चाळिशीतला एकजण त्यांच्याजवळ आला. नवा असावा, तो त्यांना ओळखत नव्हता.

"काका, तुमी कुठल्या कॅम्पावरचं?" त्याने विचारलं.

निमकरसाहेबांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तीन मुदती अध्यक्ष, खरेदी विभागाचे मॅनेजर, हे सगळं आता येणार म्हणून मी जागच्या जागी थांबले.

"मेसईद," ते म्हणाले, आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून शेजारच्या खुर्चीवर सरकले.